मेलेल्या गुरूची जांभई

अंकासाठी लिहा म्हणताना संपादकांनी लगेच पुढे जोडलं, "नटनट्यांच्या आठवणी येऊ द्या." आता त्यांना कसं सांगावं? नाशिकच्या एका टॉकीजमध्ये मी एकतीस वर्षं पिच्चर चालवले, पण माझ्या केबिनपर्यंत नट कधी चढून आला नाही, नटी तर नाहीच नाही. यायचे ते उंदीर. जगातले तमाम नट मी पाहिले ते वीतभर काचेच्या खिडकीतून, आणि तेही निम्मेच, कारण उरलेला वेळ डोळे मशिनच्या दिव्यातल्या जळत्या कार्बनच्या कांडीवर लावावे लागत.

तेव्हा नटांचं राहू द्या. मी एका चिनी म्हाताऱ्याबद्दल लिहितो. तो पडद्यावर मेला होता आणि माझ्या हातून चुकून उठला. एवढ्यावर भागलं असतं तर लिहायचं कारणच नव्हतं. पण त्याच्या उठण्यावर सायखेड्याच्या एका माणसाने आपलं सगळं आयुष्य उभं केलं, आणि गेल्या आषाढात ते कोसळायला आलं तेव्हा तो माणूस गंगापूर रोडला माझ्या मुलाच्या फ्लॅटची बेल वाजवून उभा राहिला.

दार उघडलं तर समोर साठीला टेकलेले गृहस्थ. अंगात काळा सदरा, काळी सैल विजार, कमरेला काळा पट्टा, आणि छातीवर पांढऱ्या दोऱ्याने भरलेली अक्षरं : 'पुनर्जन्म कुंग-फू वर्ग, सायखेडा'. कमरेत उजवीकडे किंचित कललेले. सूनबाई आतून बघून घाबरली. तिला वाटलं, सोसायटीने नवा वॉचमन ठेवला.

"गांगुर्डे ऑपरेटर तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"होतो. आता नाही."

"मी कचरू मास्तर. 'मुर्दा गुरू की मार' तुमीच लावला हुता ना? चाळीस वर्सांमागं?"

मी त्यांना आत घेतलं. हे नाव मी कुणाच्या तोंडून ऐकेन असं वाटलं नव्हतं, कारण त्या नावाचा पिच्चर जगात कुणी काढलेलाच नाही. तो फक्त नाशिकला, आमच्या टॉकीजला, एक आठवडा होता.

"त्यात गुरू मरतो आन् मंग उठतो, बरूबर?" मास्तर खुर्चीच्या कडेला टेकत म्हणाले. "तुमी सोता दाखवलाय. एवढं गुरुपौर्णिमेला माझ्या पोरांम्होरं येऊन सांगा. नायतर माझा वर्ग बंद पडतोय."

माझं उत्तर पुढे येईल. आधी वाचकांना सांगतो की त्या उठण्यात माझा हात किती होता.

त्या काळी मोठे हिंदी पिच्चर तीन, सहा आणि नऊच्या खेळाला लागायचे. सकाळी साडेअकराची मॅटिनी म्हणजे घरातलं शिळं खपवायची वेळ. तिथे आम्ही चिनी मारामारीचे पिच्चर लावायचो. प्रिंट इतकी जुनी असायची की पडद्यावर आकाश निरभ्र असलं तरी ओरखड्यांचा पाऊस पडत राही. भाषा कधी चिनी, कधी इंग्रजी, आणि इंग्रजी असली तरी ओठ बंद झाल्यावर वाक्य यायचं. कधी ठोसा बसायच्या आधीच आवाज यायचा आणि मार खाणारा आवाज ऐकून मग पडायचा. एकाच अंगणात दहा पिच्चर काढलेले. त्या अंगणातल्या भिंतीचा उडालेला पोपडासुद्धा मला पाठ झाला होता. पांढऱ्या दाढीवाला गुरू उडी मारायचा आणि दाढी अर्ध्या सेकंदाने मागून पोहोचायची. खलनायकाची पन्नास माणसं मरायची, आणि तीच पन्नास पुढच्या प्रवेशात टोप्या बदलून पुन्हा मरायला हजर.

सुशिक्षित लोक या पिच्चरांना नाक मुरडायचे. मीही आधी मुरडलं. पण केबिनच्या खिडकीतून पडदा दिसतो तसं पब्लिकही दिसतं, आणि पब्लिक बघता बघता मला त्यातली गोम कळली. आमच्या मॅटिनीला यायचे मार्केटातले हमाल, एसटीच्या वेळेसाठी थांबलेले खेड्यातले लोक, शिफ्ट सुटलेले कामगार. हिंदी पिच्चरचा हिरो एका गाण्यात ताकदवान व्हायचा. चिनी हिरोला आधी गुरू पाणी भरायला लावायचा. मग लाकडं फोडायला. मग पुन्हा पाणी. अर्धा पिच्चर तो बादल्या वाहत असे, आणि शेवटी कळायचं की हीच विद्या होती! हे बघून आमचा एक हमाल मध्यंतरात म्हणाला होता, "गांगुर्डे, म्हंजी मी निम्मा कुंग-फू शिकलोयच की." माझ्या मते या पिच्चरांची सगळी जादू त्या एका वाक्यात आहे. कपडेपट नाही, सेट नाही, कथा पोस्टकार्डावर मावेल एवढी. पण रोज घाम गाळणाऱ्याला तिथे कुणीतरी सांगत होतं की तुझा घाम फुकट जात नाहीये. असं सांगणारं त्याला दुसरं कोण भेटत होतं?

असो. पिच्चर म्हणजे एक सलग पट्टी नसते, हे नव्या लोकांना सांगावं लागेल. तो दहा-बारा रिळांत तोडून, गोल पत्र्याच्या डब्यांतून यायचा. मागच्या गावचा खेळ संपला की डबे एसटीच्या टपावरून आमच्याकडे. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर नंबर असतो. तो बघून एकामागून एक रिळं लावायची. केबिनमध्ये दोन मशिनं असतात. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर ठिपका दिसतो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. बसणाऱ्याला सांधा कळता कामा नये. एकतीस वर्षांत माझा सांधा कुणाला कळला नाही, याचा मला अजून अभिमान आहे. सांधा नीट बसवणं माझं काम. कशाला काय सांधायचं, ते नंबर बघून.

त्या शुक्रवारी आलेल्या दहा डब्यांवरचे कागद पावसाने धुऊन गेले होते. रिळांवरचे इंग्रजी नंबर झिजलेले. उरले होते ते चिनी आकडे. पहिलं रीळ काढलं तर एक आडवी रेघ. दुसऱ्यावर दोन. तिसऱ्यावर तीन. मला वाटलं, ही भाषा किती सोपी, लोक उगाच बाऊ करतात. चौथ्या रिळापासून चिन्यांनी दगा दिला. तिथे रेघा सोडून खिडक्या, कौलं आणि उंदीर पळाल्यासारखं काहीतरी होतं.

आणखी एक घोळ होता. दोन रेघांची रिळं दोन निघाली. आता कुणीही शहाणा माणूस इथे थबकला असता. मी मनाशी म्हटलं, चीन एवढा मोठा देश, त्यांचं दोन नंबरही मोठं असेल. दोन्ही दोन एकापुढे एक लावली. बाकीची सहा खिडकीच्या उजेडात धरून, फ्रेमा बघून, ज्यात मारामारी जास्त ती शेवटी, या हिशेबाने रचली. हिंदी पिच्चरला हा हिशेब कधी चुकला नव्हता.

साडेअकराला खेळ सुरू झाला. दुसऱ्या रिळाच्या शेवटी पांढऱ्या दाढीवाल्या गुरूला खलनायकाने अंगणात गाठलं आणि छातीवर तळहात मारला. गुरू कोसळला. चेला त्याच्या अंगावर पडून रडला. ठिपका आला. मी दुसरं मशीन चालू केलं. सांधा असा बसला की विचारू नका. तेच अंगण, तोच पोपडा, आणि तिथेच उताणा पडलेला गुरू. त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग अशी एक जांभई दिली की पार अक्कलदाढ दिसली. उठून बसला, चेल्याला काहीतरी सणसणीत शिवी घातली, आणि बादली उचलून त्याच्या हातात दिली.

स्टॉलमधून एक शिट्टी आली. मग जे उसळलं ते मी पुढे मोठमोठ्या हिरोंच्या एंट्रीलाही पाहिलं नाही. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. टोप्या उडाल्या. कुणीतरी पडद्यापुढे जाऊन नमस्कार केला.

मी मात्र डब्यांकडे वळलो. काहीतरी चुकलंय हे मला कळलं होतं, पण चालू मशीन थांबवून सांगणार काय? दातार मॅनेजर धापा टाकत वर आले. मी हात जोडले. म्हटलं, "साहेब, माझं चुकलं. रिळं बघतो."

"हात लावशील तर बघ!" दातार म्हणाले. "असला पिच्चर आपल्याकडे जन्मात आला नव्हता!"

त्यांनी त्याच दुपारी पेंटरला बोलावून बोर्ड पुसायला लावला आणि नवं नाव दिलं, 'मुर्दा गुरू की मार'. दुसऱ्या दिवसापासून मॅटिनी हाउसफुल.

सोमवारी मागच्या गावच्या टॉकीजवाल्यांचा फोन आला. त्यांच्याकडे दोन चिनी पिच्चर होते. एकाच कंपनीचे, तीच माणसं, तेच कपडे, तेच अंगण. पाठवताना त्यांच्या माणसाने दोन्हींची पाच-पाच रिळं आमच्या पोत्यात भरली होती. पहिल्या पिच्चरमध्ये गुरू मरतो आणि चेला सूड घेतो. दुसऱ्यात गुरू रात्री भरपूर पिऊन अंगणात आडवा होतो आणि सकाळी उठून विद्या शिकवतो. आमच्याकडे त्या दोन अंगणांची सोयरीक झाली होती. तिकडे उरलेली रिळं जोडून त्यांनीही खेळ केला. त्यांचं पब्लिक म्हणे शांत होतं, फक्त दुसऱ्या दिवशी आलं नाही.

उरलेली रिळं मंगळवारी सकाळी एसटीने आली. माझा स्वभाव असा की चूक कळली की हाताला खाज सुटते. दातार साहेब त्या दिवशी लग्नाला येवल्याला गेले होते. मी पहिला पिच्चर नीट क्रमाने लावला. गुरू मेला. चेला रडला. ठिपका आला, रीळ बदललं, आणि पडद्यावर गुरूची अंत्ययात्रा निघाली.

"अरे उठव त्याला!" स्टॉलमधून आवाज आला. मग सगळेच ओरडू लागले. "गुरू उठव! ऑपरेटर झोपला का? रीळ कापलं, रीळ कापलं!" अंत्ययात्रा पुढे सरकली तशी चपला पडद्यावर जाऊ लागल्या. चितेला अग्नी दिला तेव्हा चार जण जिना चढून माझ्या केबिनवर धडका मारत होते. मी आतून कडी लावली. एकाने दाराच्या फटीतून अगदी शांतपणे सांगितलं, "भाऊ, आम्ही पिंपळगावहून आलोत. गुरू उठल्याबिगर आम्ही जाणार नाही." मी मशीन थांबवलं, दोन रेघांचं दुसरं रीळ चढवलं आणि चितेवरून गुरूला थेट अंगणात आणून जांभई द्यायला लावली. तेव्हा कुठे लोक खाली बसले. चितेवर ठेवलेला माणूस उठलेला बघून ते उलट जास्तच खूश झाले.

बुधवारपासून पुन्हा माझी चूक लावली. शुक्रवारी पिच्चर उतरला. सगळी रिळं आपापल्या पोत्यात गेली, दातार पुढे वारले, टॉकीजच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे. ही गोष्ट मी बायकोशिवाय कुणाला सांगितली नाही. ऑपरेटरने रिळं उलटीसुलटी लावली हे सांगणं म्हणजे कंडक्टरने स्वतःच चुकीच्या गाडीत चढण्यासारखं आहे.

आता पुन्हा आमच्या हॉलमध्ये या. कचरू मास्तर बशीतला चहा संपवून बोलत होते.

"सतरा वर्सांचा हुतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलो, कंबर मोडली. नाशकात डॉक्टर म्हणला, चालशील, पण ओझं उचलायचं नाय, उकिडवं बसायचं नाय. शेतकऱ्याच्या पोराला ओझं नाय आन् उकिडवं बसणं नाय म्हंजी काय उरलं? त्या दिवशी एसटीला टाईम हुता म्हून टॉकीजमधी शिरलो. खरं सांगतो साहेब, त्या दिवशी सायखेड्याला गेलो असतो तर पुलावरून गंगेत उडी टाकायची असं ठरवलं हुतं. आन् म्होरं बघतो तर मेल्याला म्हातारा उठला, जांभई दिली, आन् पयली बादली उचलली. मला वाटलं, ह्यो मरून बादली उचलतोय, मंग माझी तर नुसती कंबर मोडली हे!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्या उचलला. महिन्याने कळशी. दोन वर्षांनी दोन बादल्या घेऊन ते गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या चढत होते. गावातली पोरं मागे लागली, त्यातून वर्ग निघाला. विद्येला दुसरा आधार नव्हता. त्या आठवड्यात पाच वेळा पाहिलेला पिच्चर हाच त्यांचा ग्रंथ. म्हणून त्यांच्या वर्गात आजही पहिला धडा असा : विद्यार्थ्याने उताणं पडायचं, मरायचं, शंभर आकडे होईतो हलायचं नाही, मग एक डोळा उघडायचा, मग दुसरा, जांभई द्यायची आणि बादली उचलायची. जांभई नीट येईपर्यंत पुढचा धडा नाही. काहींना त्यालाच वर्ष लागतं.

"मंगळवारी आला होता का?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"मंगळवारी पुन्यांदा डॉक्टरकडं हुतो. का?"

"काही नाही."

घोळ झाला होता तो वैशालीमुळे. ती त्यांची सगळ्यात तयार विद्यार्थिनी, सहावीपासून वर्गात, आता कॉलेज संपवून भरतीची तयारी करणारी. मास्तरांची कंबर आता पुन्हा दुखू लागली होती, आणि या गुरुपौर्णिमेला ते वर्ग तिच्या हाती देणार होते. दुसरं कुणी नव्हतंच. पण वैशाली नाशिकच्या स्पर्धेत दोनदा हरली होती. हात-पाय सगळं चोख, पण सुरुवातीला समोरच्या मुलीकडे बघून तिने जांभई दिली, आणि पंचांनी प्रतिस्पर्ध्याचा अपमान केला म्हणून गुण कापले. समोरच्या मुलीचे वडील भांडायला आले ते वेगळंच. तेव्हा तिने ठरवलं की या जांभईचं मूळ शोधायचं. जांभई देणारा चिनी गुरू शोधता शोधता मोबाइलवर तिला दोन्ही पिच्चर सापडले. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"ती म्हणती, सर, एका पिच्चरात गुरू मेला तो मेलाच. आन् दुसऱ्यात..." मास्तरांचा आवाज बारीक झाला. "दुसऱ्यात तो पिऊन पडला हुता. साहेब, मी चाळीस वर्सं पोरांना सांगतोय, दारूला शिवू नका. आन् म्हने माझा गुरूच बेवडा! मी म्हनलं, तो पिच्चर येगळा हुता, ह्यो मोबाइलवरचा कापून जोडलाय. ती म्हणती, मंग साक्षीदार आणा. पोरांम्होरं खरं काय ते कळू द्या, नायतर मी वर्ग घेनार नाय. खोट्यावर उभं ऱ्हायचं नाय, हे तुमीच शिकवलं."

सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलंही. पण समोर तो कललेला, काळ्या कपड्यांतला माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे असा बघत होता की मी म्हणालो, "येतो."

गुरुपौर्णिमेला सकाळीच मुलाने मला गाडीतून सायखेड्याला सोडलं. रस्ताभर मी वाक्य पाठ केलं होतं. 'मी स्वतः दाखवला आहे, गुरू उठतो.' यात खोटं एक अक्षर नव्हतं. दाखवला मीच होता, आणि उठला तोही होताच. सत्तरीत पोचल्यावर माणसाला एवढी सवलत असावी असं मला वाटत होतं.

शाळेच्या पटांगणात मांडव. चाळीसेक मुलंमुली काळ्या कपड्यांत, प्रत्येकाच्या पुढ्यात बादली. मागे आईवडील, ग्रामपंचायतीचे दोघे-तिघे. स्टेजवर हार घातलेली मोठी तसबीर होती. गावातल्या पेंटरने मास्तरांच्या सांगण्यावरून काढलेला तो चिनी गुरू. पेंटरने चिनी माणूस पाहिलेला नसावा, कारण गुरू बराचसा दातार मॅनेजरांसारखा दिसत होता. मला उगाचच वरिष्ठांसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं.

मास्तरांनी माझी ओळख 'जिवंत पुरावा' अशी करून दिली. मी माइकसमोर गेलो. वाक्य म्हणालो. "मी स्वतः दाखवला आहे. गुरू उठतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बादल्या वाजल्या. मास्तरांनी डोळे पुसले. मी मागे वळणार तोच पहिल्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. सडपातळ, केस घट्ट बांधलेले. ही वैशाली हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"काका, राग मानू नका," ती म्हणाली. "तो उठतो हे मीपण बघितलं. पण उठतो तेव्हा तो आधी मेलेला असतो का? एवढंच सांगा."

बरोबर सांध्यावर बोट! एकतीस वर्षांत कुणाला न दिसलेला माझा सांधा त्या पोरीला दिसला होता. मी मास्तरांकडे पाहिलं. ते हसत मान हलवत होते, सांगा की, सांगा. त्यांना माझ्याबद्दल तिळभर शंका नव्हती, आणि नेमकं तेच मला सोसेना. ज्या माणसाने माझ्या चुकीवर विश्वास ठेवून जीव वाचवला, त्याला मी आता ठरवून फसवायचं? चूक एकदा होते. ही तर लबाडी झाली असती.

मी सगळं सांगितलं. डबे, रेघा, दोन नंबरची दोन रिळं, येवल्याचं लग्न, चिता, सगळं. "तुमच्या सरांचं काही चुकलं नाही," मी म्हणालो, "त्यांनी जे पाहिलं तेच शिकवलं. पण असा पिच्चर कुणी काढलेला नाही. तो माझा गाढवपणा होता."

मागे कुजबुज सुरू झाली. एक आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, "म्हंजी तो पिऊनच पडला हुता म्हन की." मला भूमीने पोटात घ्यावं असं वाटलं. मास्तर सावकाश उठले. कंबर धरून माइकपाशी आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हंजी चिनी लोकांनी गुरूला मारला," ते म्हणाले.

"हो."

"आन् मारून जाळला."

"हो, मास्तर."

"मंग त्याला उठवला कोनी?"

"चुकून..."

"चुकून का असंना. कोनी?"

"मी," मी म्हणालो.

मास्तरांनी माइक सोडला. मग मागे गेले, तसबिरीचा हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. हार चांगला पाच शेरांचा, मान खाली गेली. मुलांकडे वळून म्हणाले, "पोरांहो, चाळीस वर्सं आपण येगळ्याच मान्साला नमस्कार घातला. त्यो मारनाऱ्यांचा नोकर हुता, पगारावर पडत हुता. उठवनारा ह्यो उभाय. या, रांग लावा."

मी ओरडलो, "अहो मास्तर, नको!" पण मला खुर्चीत दाबून बसवण्यात आलं. त्या वर्गाची वंदनेची पद्धत पायावर डोकं ठेवायची नाही. गुरूसमोर उभं राहून जांभई द्यायची. चाळीस पोरं एकेक करून माझ्यासमोर आली, डोळ्यांत डोळे घालून, पूर्ण आदराने जांभई देऊन गेली. दहाव्या पोराला मलाही आली. पंधराव्याला ग्रामपंचायतीच्या लोकांना. विसाव्यापर्यंत अख्खा मांडव जांभया देत होता. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते जांभयांमुळे की कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. एकतीस वर्षांत मी हजारो पिच्चर लावले ते सगळे दुसऱ्यांचे. हा एक माझा निघाला, आणि मला तो चाळीस वर्षं लपवावासा वाटला, याचं फार वाईट वाटलं.

वैशाली रांगेत आली नाही. ती बाजूला उभी होती, हात बांधून.

शेवटी मास्तर माझ्यासमोर आले. "आता माझी पाळी," म्हणाले, आणि कंबरेवर हात ठेवून, एकेक हाड मोजत, स्टेजवर उताणे झाले. डोळे मिटले. मुलं शंभरपर्यंत मोजू लागली. साठ, सत्तर, नव्वद. शंभर झाले. मास्तर हलले नाहीत. एकशे दहा झाले. मोजणाऱ्यांचे आवाज विरत गेले. त्यांची छाती हलते का, ते मला खुर्चीतून दिसेना. मघाचा पांढरा चेहरा आठवला आणि मी खुर्चीतून उठलो. म्हातारा मनाने खचलाच असेल तर? मी चाळीस वर्षांपूर्वी जे दिलं ते आज परत घेतलं की काय?

वैशाली धावत वर आली, त्यांच्या उशाशी बसली. "सर?" ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती स्पर्धेत हरून पुरावे शोधणारी पोर कुठल्या कुठे गेली होती. "काका, उठवा ना त्यांना. तुम्हालाच येतं."

मला काय येत होतं? मी तेव्हा फक्त एक खटका दाबला होता. मी वाकलो आणि तोंडाला आलं ते म्हणालो, "मास्तर, रीळ लावलंय. उठा."

काही झालं नाही. वैशालीने ओठ चावला. मग ती उठली, खाली जाऊन आपली भरलेली बादली घेऊन आली, त्यांच्या हातापाशी ठेवली आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन तिने एक मोठी, संथ, अक्कलदाढ दिसेल अशी जांभई दिली. स्पर्धेच्या पंचांनी दोन्ही वेळा कापलेली हीच ती जांभई असणार.

मास्तरांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग त्यांनाही जांभई आली. ती पुरी होईपर्यंत चाळीस पोरं श्वास धरून बघत होती. मास्तर कोपरावर उठून बसले आणि वैशालीवर खेकसले.

"कवाची वाट बघतोय! वर्ग घेनार म्हनायला एवढा येळ लागतो व्हय?"